पिस्टनवरचे ओरखडे

वारासिवनीहून बालाघाटला परत येताना मोटरसायकल पडली आणि भाऊ गेला. तो बुधवार होता.

तेरवीच्या पंगतीत गल्लीतले दोघे बोलत होते. आतल्या खोलीत बसलेल्या वहिनीला ते ऐकू जात होतं.

"लय जोरात चालवे तो."

"जोरात काय, घेतली असन."

दुसऱ्या सकाळी बाबांनी अंगणात बारदाना अंथरला आणि भावाच्या गाडीचं इंजिन उघडायला घेतलं. ते राइस मिलमध्ये फिटर होते. उघडलेलं यंत्र मालकाला दाखवल्याशिवाय बंद करायचं नाही, ही त्यांची रीत.

गाडी अशी होती की पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे. ते राहिलं तर पिस्टन आवळून बसतो आणि मागचं चाक जागीच अडतं. घरी कॅनमध्ये पेट्रोल आणून भाऊ पितळी पेल्याने मोजून ऑइल ओतायचा. त्या बुधवारी कॅन मी भरला होता. मांडीवर पुस्तक होतं. पेला भरल्याचं आठवत होतं, ओतल्याचं आठवत नव्हतं.

"ऑइल टाकलं होतं ना रे?" बाबांनी पाना लावत विचारलं.

"हौ, बाबा."

वहिनी दारात येऊन उभी राहिली आणि सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, मले दाखवल्याबिगर बंद नका करू."

"तुले काय समजन त्यातलं, पोरी?"

"तुमीच म्हणता ना, मालकाले दाखवा लागते. आता या गाडीचा मालक कोन हाय?"

बाबांनी पाना फिरवला. इंजिनाचं वरचं हेड निघालं. सिलिंडर मात्र हलेना. बाबा त्यावर लाकडाने ठोकू लागले, एकदा या बाजूने, एकदा त्या. मी खालून धरलं होतं.

"नीट धर. ध्यान कुठं हाय तुयं?"

सिलिंडर सुटला. पिस्टनवर उभे ओरखडे होते. बाबांनी आतून बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पिस्टनवर फडकं टाकलं.

"काही नाही. ठीक हाय सारं."

"मंग ते खरंच जोरात होते?"

बाबा फडकं सारखं करत राहिले. हो म्हटलं तर गेलेला मुलगा दोषी ठरत होता, नाही म्हटलं तर समोरचा, म्हणजे मी.

मी फडकं काढलं. "वहिनी, इंजिन जाम झालतं. ऑइल टाकाचं माह्याच्यानं राह्यलं."

ती खाली बसली. ओरखड्यांवरून तिने अंगठा फिरवला, वरून खाली, पुन्हा वरून खाली.

"म्हंजे जोरात नव्हते."

"नाही."

"घेतलीही नव्हती."

"नाही, वहिनी."

"मंग भाऊजी, त्या दोघायले हे सांगून या. तुमच्या तोंडानं."

मी दोन्ही घरी जाऊन आलो. तोवर बाबांनी पिस्टन सोडवून रॉकेलने धुतला होता आणि तिच्या हातात दिला होता.

बाबा आता नाहीत. गाडी भंगारात गेली. पिस्टन वहिनीच्या लोखंडी पेटीत आहे. पितळी पेला माझ्या टेबलावर, पुस्तकांशेजारी आहे.