न बोलणाऱ्या गावाची ग्रामसभा

प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्टी आली, तेव्हा मैत्रीण सुषमा म्हणाली, "माझ्या मावशीच्या गावी चल, गुऱ्हाळं चालू आहेत." एवढ्यावर पुण्याहून निघाले. कोल्हापूर स्टँडवरून गडहिंग्लजची एसटी पकडा; बायकांना अर्धं तिकीट. गाडी निपाणीमार्गे गेली तर वाटेत पाट्या कानडी होतात आणि परत मराठी. गडहिंग्लजला खाऊन घ्या, कारण पुढे फक्त वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप.

जीपमध्ये सगळे मोठमोठ्यानं बोलत होते. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पावणं, कुणाकडं?"

"हौसामावशींकडे," सुषमा म्हणाली.

जीप गप्प झाली. म्हातारा खिडकीबाहेर बघायला लागला. उतरेपर्यंत कुणी खोकलंसुद्धा नाही.

गाव देखणं. चहूकडे ऊस, हवेत गुळाचा वास. पण आम्ही वळलो की गल्लीतलं बोलणं थांबायचं. गुऱ्हाळावर जाऊन उभ्या राहिलो, तर माणसं आमच्यातून आरपार बघत काम करत राहिली. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

जेवताना मावशींनी सांगितलं. मुलीनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं. गाव जवळपास सगळं मावशींच्याच जातीचं; जातीच्या पंचांनी फर्मावलं, जिवंत पोरीचं तेरावं घाला.

"न्हाय घातलं," मावशी म्हणाल्या. "तवापासनं आमच्याशी कोण बोलत न्हाय. लेकरंबी न्हाईत."

दुसऱ्या दिवशी झेंडावंदनानंतर ग्रामसभा भरली. सरपंचबाई संविधानाची उद्देशिका वाचत होत्या, गाव मागून म्हणत होतं. "स्वतःप्रत अर्पण करत आहोत" झालं आणि मावशी उठल्या.

"ह्यातलं 'आम्ही' म्हंजे मीबी हाय का न्हाय?"

एकही मान वळली नाही. झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती, तेवढाच आवाज. पहिल्या रांगेत पंच बसलेले. सरपंचबाईंनी कागदाची घडी घातली आणि त्या म्हणाल्या,

"ठराव मांडते. ह्या गावात घटनेच्या वर कुठल्याच पंचांचा शब्द न्हाय. मान्य असंल त्यांनी हात वर करा."

सगळे पंचांकडे बघत राहिले. मग मागं बांगड्या वाजल्या. मावशींची शेजारीण शांताबाई. मग आणखी एक हात, मग कितीतरी. सगळे जमिनीकडे बघत हात वर करत होते. शेवटी पंचांचेही गेले. ठराव एकमतानं मंजूर झाला आणि गाव एक शब्द न बोलता पांगलं. आदल्या दिवसापेक्षा मला त्या हातांचीच जास्त भीती वाटली. मावशींशी न बोलायचंही असंच एकमतानं ठरलं असणार.

तिन्हीसांजेला परसातून हाक आली. "हौसाक्का, च्या पिलासा?"

शांताबाई कुंपणापाशी उभ्या होत्या. मावशी परसदारात आल्या. त्या म्हणाल्या, "पिलो की." आणि चुलीपुढं येऊन बसल्या.

गुऱ्हाळ बघायचं तर जानेवारीत जा, एवढं तुम्हाला नक्की सांगते. बाकीच्याचा अर्थ मलाच अजून नीट लागत नाही. पुण्याला परतल्यावर मावशींना फोन केला. दोन घरं बोलतात म्हणाल्या, बाकीची अजून नाहीत.

"पण हात तर सगळ्यांनी वर केला होता," मी म्हटलं.

पलीकडून काहीच आलं नाही. श्वाससुद्धा नाही. मी घाबरून विचारलं, "मावशी, आहात ना?"

"हाय की," त्या म्हणाल्या. "हितंच हाय."