कागदावरच्या प्रमुख

सौर समितीच्या प्रमुख म्हणून मी बायकोचं नाव लिहिलं, तिची सहीही मीच ठोकली आणि तिला काही सांगितलं नाही.

वारज्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवायची होती. मदत देणाऱ्या संस्थेची अट अशी, की समितीत एक तरी बाई हवी. सेक्रेटरी मी. फॉर्म भरायची मुदत त्या संध्याकाळी संपत होती आणि बायको माहेरी गेली होती. नुसती सदस्य काय लिहायची, म्हणून मी औदार्याने ‘प्रमुख’ लिहिलं. दिवसभर संगणकासमोर बसून दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मी पगार घेत होतो, हे इथे नमूद केलेलं बरं.

पंधरा दिवसांनी फोन आला. संस्थेच्या इंजिनिअरबाई रविवारी येणार होत्या. गच्ची पाहून, प्रमुखांशी बोलून मगच मंजुरी. नाव नुसतं कागदावरचं निघालं, तर अर्ज रद्द.

चोवीस बिऱ्हाडांनी माझ्या शब्दावर होकार दिला होता. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे चेअरमन जिन्यात भेटले की विचारत, “सेक्रेटरी, सगळं व्यवस्थित ना?” मी “हो हो” म्हणायचो आणि दोन पायऱ्या एकदम चढायचो. बायकोला रोज सांगायला जायचो आणि रोज तिसरंच काहीतरी बोलून परत यायचो. “मीठ आहे ना घरात?” असंही एकदा विचारलं.

शेवटी रविवारी सकाळी, चहा पिताना, सांगून टाकलं.

“माझी सही केलीत?” तिने विचारलं.

“हो.”

“आणि बाई किती वाजता येणार?”

“दहाला.”

तिने घड्याळ पाहिलं. साडेनऊ झाले होते. कप विसळला आणि साडी बदलायला आत गेली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

इंजिनिअरबाई तिशीच्या असतील. चेअरमनही आमच्याबरोबर वर आले. गच्चीवर पॅनेलच्या जागा खडूने आखलेल्या होत्या. त्यांतली एक रांग कंत्राटदाराच्या आराखड्यात दुसरीकडे होती. कोजागरीला दूध आटवायला, गाद्या टाकायला मोकळी जागा राहावी म्हणून मी ती पाण्याच्या टाकीजवळ सरकवून घेतली होती. या कल्पकतेचा मला अभिमान होता.

“मॅडम, ही आखणी तुम्हाला मान्य आहे?” बाईंनी माझ्या बायकोला विचारलं.

मी घसा खाकरला. “त्यांचं म्हणणं असं, की...”

“मी त्यांना विचारलं.”

बायको टाकीपाशी गेली. “ही रांग इथे नको. आत्ता मे महिना आहे, म्हणून ऊन दिसतंय. पौषात या टाकीची सावली पार तिथपर्यंत जाते. आवळासुपारीचं ताट मी इथे ठेवलं होतं, चार दिवस वाळलं नाही. मग त्या कठड्याकडे हलवलं.”

बाईंनी वहीत काहीतरी आकडेमोड केली आणि मान डोलावली. “बरोबर आहे. इथे बसवली असती, तर सगळा हिवाळा वीज कमी मिळाली असती. कुणी सुचवली ही जागा?”

चेअरमननी माझ्याकडे पाहिलं. मी टाकीकडे पाहिलं.

रांग परत मूळ जागी आखली. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात बाईंनी मंजुरीचा कागद पुढे केला, बायकोने सही केली आणि बाई जुना फॉर्म शेजारी धरून दोन्ही सह्या न्याहाळू लागल्या.

“या दोन सह्या वेगळ्या आहेत.”

“जुनी ह्यांनी केलेली आहे,” बायको शांतपणे म्हणाली. “मला आज सकाळी कळलं. पण काम मी करणार आहे. नवा फॉर्म द्या, मी स्वतः भरते.”

बाईंनी जुन्या फॉर्मवर आडवी रेघ मारली आणि पिशवीतून कोरा काढला. बायकोने कठड्यावर टेकून समितीची नावं लिहायला घेतली. स्वतःचं, मग चेअरमनचं, मग दुसऱ्या मजल्यावरच्या दोघी बायकांची.

“आणि सेक्रेटरींचं?” चेअरमननी विचारलं.

तिने मान वर न करता सांगितलं, “त्यांच्याकडे गच्चीची किल्ली द्या. पेन नको.”