प्रधानसाहेबांच्या पाठीवरचा हात

“पॅडल बिघडलंय, दुसरं काय?” भाटिया म्हणाला. “बदलून द्या मॅडम, विषय संपला.”

पॅडल मी आधीच बदलून दिलं होतं. नवी जोडीही तेच सांगत होती. प्रधानसाहेब चढावर जेवढा जोर लावत होते, तेवढ्या जोरावर त्यांची सायकल त्या वेगाने वर जाणं शक्य नव्हतं. तरी ती जात होती.

आधी माझं काम सांगते. गुरुग्राममधल्या एका छोट्या कंपनीत मी ऑपरेशन्स बघते. भाटिया आमचा मालक. आम्ही हौशी सायकलवाल्यांना आल्प्समध्ये नेतो. युरोपातल्या मोठ्या शर्यती ज्या खिंडींतून जातात, त्याच घाटरस्त्यांवर आमची मंडळी आपापल्या वेगाने चढतात. पुढे तिथला गाइड, मागे व्हॅन. व्हॅनमध्ये पाणी, केळी, ट्यूब, पंप आणि मी. निघण्याआधी काही महिने प्रत्येकाची तयारी तपासणं हेही माझ्याकडेच असतं. त्याआधी बरीच वर्षं मी एका कारखान्यात कॉस्टिंग केलं. आकडा जुळला नाही की मला जेवण गोड लागत नाही.

तयारी तपासायला आम्ही लोकांना पॉवर मीटर असलेली पॅडल्स देतो. पाय किती जोर लावतात ते ही पॅडल्स वॅटमध्ये मोजतात. बल्ब किती वॅटचा असं आपण विचारतो ना, तसंच माणूस किती वॅटचा. सपाट रस्त्यावर वारा, पुढचा सायकलवाला, उतार अशा बऱ्याच गोष्टी मदत करतात, म्हणून तिथला वेग मी फारसा मनावर घेत नाही. चढावर मात्र हिशेब सरळ असतो. माणसाचं आणि सायकलचं वजन, चढ किती टक्के, वेग किती, एवढं कळलं की वॅट काढता येतात. प्रधानसाहेबांच्या वेगाला दोनशेच्या वर वॅट लागायला हवे होते. पॅडल एकशेवीस दाखवत होतं. उरलेले शंभर वॅट कुठून तरी येत होते.

प्रधानसाहेब म्हणजे विनायक प्रधान. केंद्र सरकारात अधिकारी, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचे. त्या वर्षी रिटायर होणार होते. क्वार्टर सोडायचं आणि पुण्याला जायचं ठरलं होतं. त्यांचा पाच जणांचा सायकल ग्रुप होता. दर रविवारी सकाळी गुरुग्राम-फरिदाबाद रस्ता, मग पराठे, मग घर. दिल्ली सोडण्यापूर्वी पाचांनी मिळून एकदा स्टेल्व्हिओ चढायचा, असं त्यांनी पराठ्यांवर ठरवलं आणि आमच्याकडे आले.

स्टेल्व्हिओ ही इटलीतली खिंड. प्रातो गावाकडून चढलं तर चोवीस किलोमीटरचा घाट, अठ्ठेचाळीस हेअरपिन वळणं, उंची पावणेतीन हजार मीटर. चढ सरासरी साडेसात टक्क्यांच्या आसपास आणि मध्ये सपाटी जवळपास नाहीच. दिल्लीतला आमचा सगळ्यात मोठा डोंगर म्हणजे फ्लायओव्हर.

एका रविवारी मी गाडी घेऊन ग्वाल पहाडीच्या चढावर जाऊन थांबले. ग्रुप आला. पुढे तिघं. मागे प्रधानसाहेब आणि त्यांच्या उजव्या बाजूला ग्रेवाल. ग्रेवाल म्हणजे पाचांतला सगळ्यात दणकट गडी, ट्रान्सपोर्टचा व्यवसाय, आवाज चौकापलीकडे जाणारा. चढ सुरू झाला तसा त्याने डावा हात हँडलवरून काढला आणि प्रधानसाहेबांच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर ठेवला. चढ संपेपर्यंत हात तिथेच. दोघं मजेत गप्पा मारत वर आले.

शंभर वॅट सापडले.

दिल्लीच्या ग्रुपांत ही जुनी पद्धत आहे. मागे कुणाला सोडायचं नाही. दमलेल्याच्या पाठीवर हात ठेवायचा. पद्धत चांगली आहे, मला स्वतःलाही आवडते. पण ती फ्लायओव्हरपुरती. चोवीस किलोमीटर कुणी कुणाला ढकलू शकत नाही. शिवाय त्या घाटात एका हाताने सायकल चालवायची, समोरून मोटारसायकली वळणं कापत येत असताना, हे गाइड एक मिनिट चालू देणार नाही. तो सरळ व्हॅनमध्ये बसवतो. मग प्रधानसाहेबांचा स्टेल्व्हिओ माझ्या शेजारच्या सीटवरून झाला असता.

मी भाटियाला सांगितलं. तो डोकं धरून बसला.

“त्यांना नाही म्हटलं तर पाचही बुकिंग जातील, मॅडम.”

“मी नाही म्हणत नाहीये. घाटात हात चालणार नाही हे त्यांना माहीत असायला हवं, एवढंच म्हणतेय.”

“ई-बाइक देऊ या. मोटर ढकलेल. सब खुश.”

“विचारते,” मी म्हणाले.

त्याच आठवड्यात मी सरोजिनी नगरला गेले. सौ. प्रधानांनी चहा आणि साबुदाण्याची खिचडी दिली. अर्ध्या घरात खोकी बांधून ठेवलेली होती.

“काय साळवीबाई, पॅडलचा निकाल काय लागला?” प्रधानसाहेबांनी विचारलं.

“पॅडल ठीक आहे. तुमच्या पाठीवर हात आहे.”

त्यांनी कप खाली ठेवला. सौ. प्रधान मात्र थांबल्या नाहीत. “तरीच! मी म्हणायचे, एवढं तीस-चाळीस किलोमीटर जाऊन येतात आणि शर्ट कोरडा कसा?”

“अगं, थांब ना,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, जरा हळू आवाजात, “पहिल्यांदा त्याने हात ठेवला तेव्हा मला नको होता. पण त्या दिवशी खरंच दमलो होतो. पुढच्या रविवारी दमलो नव्हतो, तरी ठेवला. आता काढ म्हटलं तर त्याला वाटेल मी रागावलोय. असं करत वर्षं गेली. खरं सांगू? मी एकटा चढू शकतो का, हे मलाच माहीत नाही.”

मी ई-बाइकचं सांगितलं.

“ग्रेवालचा हात काढायचा आणि मोटर लावायची? मग ग्रेवालनं काय वाईट केलंय?”

“मग एकट्याने चढायला शिकावं लागेल. रविवार सोडून इतर दिवशी. ग्रुपशिवाय.”

“कुठे चढू? दिल्लीत चढ कुठाय?”

मी जागा हेरून ठेवली होती. उत्तर दिल्लीत रिज नावाच्या टेकडीवर, हिंदूराव हॉस्पिटलकडे जाणारा रस्ता. चढ छोटा आहे, पाय तापेपर्यंत संपतो. पण खाली येऊन परत चढता येतं, पुन्हा, पुन्हा. फार कंटाळवाणं काम. सोबतीला फक्त माकडं.

“हिंदूराव,” प्रधानसाहेब म्हणाले. “म्हणजे आपल्याच मराठा सरदाराची टेकडी. आणि काही झालंच तर हॉस्पिटल समोर. बिल्कुल चालेल.”

त्यांना दोनच गोष्टी शिकवायच्या होत्या. पहिली, गिअर. मागच्या चाकाच्या दात्यांच्या चकत्यांना कॅसेट म्हणतात. तिच्यातली सगळ्यात मोठी चकती लावली की सायकल हळू जाते, पण पाय सहज फिरतात. दिल्लीचे ग्रुपवाले ती वापरणं कमीपणाचं मानतात. प्रधानसाहेबांच्या सायकलवरची ती चकती अगदी नवीकोरी होती. मी त्याहून मोठी बसवून घेतली. दुसरी गोष्ट, एका मर्यादेच्या वर जोर लावायचाच नाही. त्यांची मर्यादा दीडशे वॅट निघाली. त्या हिशेबाने स्टेल्व्हिओवर त्यांचा वेग ताशी साडेसात किलोमीटर येत होता.

“एवढ्या वेगाने तर मी चालत भाजी आणायला जातो,” ते म्हणाले.

“तुम्ही भाजी आणायला एवढ्या वेगाने जात नाही,” सौ. प्रधान म्हणाल्या.

खरी अडचण ग्रेवालची झाली. त्याला बातमी कळली आणि तो तडक ऑफिसात आला.

“मॅडम जी, बड़े भाई हैं हमारे. अकेला छोड़ दें?”

“छोड़ना नहीं है. बस हाथ हटाना है.”

“और मैं क्या करूँ? ऊपर जाके ताली बजाऊँ?”

“आप अपनी चढ़ाई कीजिए. आपने भी कभी अकेले नहीं की.”

हे त्याला लागलं. ग्रेवाल उठून निघून गेला. पुढच्या रविवारी त्याने हात हँडलवर ठेवला, पण चेहरा असा की कुणी त्याचं काहीतरी काढून घेतलंय. प्रधानसाहेब चढावर एकटेच मागे पडले. वर चौघं वाट बघत उभे. पराठे संपवून सगळे लवकर घरी गेले, असं मला नंतर कळलं. दोन-तीन रविवार हेच चाललं. भाटिया मला रोज विचारायचा, “कॅन्सल तर नाही ना करत?”

मग एके सकाळी मला प्रधानसाहेबांचा रिजवरून फोन आला. श्वास लागलेला. “साळवीबाई, आज मोजणं विसरलो. किती वेळा चढलो माहीत नाही. एकदाही थांबलो नाही.” मला आकडा हवा होता, पण मी मागितला नाही.

टूरआधी आम्ही सगळ्यांना एकदा डेहराडूनहून मसुरी चढायला लावतो. एकेकट्याने, अंतर ठेवून, दुसऱ्याच्या मागे लपून वारा न चुकवता. मध्ये थांबलं तर चालतं, फक्त मदत घ्यायची नाही. प्रधानसाहेब दोनदा थांबले, एकदा पाण्यासाठी आणि एकदा बायकोला फोन करायला. सगळ्यात शेवटी पोचले, पण पोचले. पॅडलने दाखवलेले वॅट आणि माझा हिशेब, दोन्ही जुळले. त्या दिवशी मी दोन वाट्या मॅगी खाल्ली.

ग्रेवाल पहिला आला होता. त्याचेही आकडे मी बघितले. सुरुवातीला प्रचंड जोर, शेवटी निम्माही नाही. मी त्याला म्हटलं, “ग्रेवाल जी, आप शुरू में बहुत तेज़ जा रहे हैं. वहाँ चढ़ाई लंबी है.”

“फर्स्ट आया ना, मॅडम जी?” तो हसला.

स्टेल्व्हिओच्या सकाळी आकाश स्वच्छ होतं. त्या घाटात प्रत्येक वळणावर नंबर लिहिलेला असतो, खालून अठ्ठेचाळीसपासून उलटा. ग्रेवाल सुरुवातीलाच दिसेनासा झाला. बाकी तिघं त्याच्यामागे. प्रधानसाहेब आपल्या साडेसातने निघाले. आमची व्हॅन त्यांच्या मागे इतकी हळू चालली होती की इटालियन ड्रायव्हर सारखा सुस्कारे टाकत होता. झाडी संपली. वर, पार वर, रस्त्याच्या घड्या एकावर एक रचलेल्या दिसायला लागल्या. तिथे बरेच जण मनाने हरतात. प्रधानसाहेबांनी वर बघितलंच नाही. मी तसं सांगून ठेवलं होतं.

वीस नंबरच्या वळणाच्या थोडं पुढे कठड्यावर ग्रेवाल बसला होता. सायकल आडवी पडलेली. दोन्ही मांड्यांत गोळे आलेले. गाइड त्याला व्हॅनकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता आणि ग्रेवाल मान खाली घालून ऐकत होता.

प्रधानसाहेब थांबले नाहीत. त्या चढावर थांबलं की पुन्हा सुरू करणं अवघड असतं. तसेच पुढे जात ते ओरडले, “ओए ग्रेवाल! बड़ी वाली चकरी लगा! उठ!”

“नहीं होगा, भाई साहब!”

“मेरी स्पीड देख! इससे स्लो तो तू गिर जाएगा! चल!”

ग्रेवालने आमच्या व्हॅनकडे बघितलं. मग प्रधानसाहेबांच्या पाठीकडे. पाय चोळून उठला, सायकल उचलली, गिअर हलका केला. पुढच्या वळणापर्यंत त्याने त्यांना गाठलं, कारण त्यांना गाठणं अवघड नव्हतंच. दोघं शेजारी शेजारी चढायला लागले. पंधरा, चौदा, तेरा.

आणि प्रधानसाहेबांचा उजवा हात हँडलवरून सुटला.

इतके महिने मी ज्या हाताशी भांडले, तोच हात आता उलट बाजूने ग्रेवालच्या पाठीकडे चालला होता. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडणार तेवढ्यात त्यांनी त्याच्या पाठीवर एक थाप मारली आणि हात पुन्हा ब्रेकवर ठेवला. मागे वळून न बघताच मोठ्याने म्हणाले, “धक्का नाही दिला हं, साळवीबाई!”

वर पोचेपर्यंत दोघं बोलत होते. काय ते ऐकू आलं नाही. माथ्यावर रस्त्याकडेला मळकं बर्फ होतं, सॉसेजच्या गाड्या होत्या आणि बाकीचे तिघं थंडीने काकडत उभे होते. ग्रेवालने उतरून आधी प्रधानसाहेबांना उचललं, सायकलच्या बुटांसकट. मग मला म्हणाला, “मॅडम जी, मेरे भी नंबर चेक करते रहना.” प्रधानसाहेबांनी बायकोला व्हिडिओ कॉल लावला आणि शर्ट पिळून दाखवला.

ते आता पुण्यात असतात आणि अधूनमधून सिंहगडाच्या घाटातला फोटो ग्रुपवर टाकतात. घाटात एकटेच असतात. ग्रेवाल दर वेळी खाली विचारतो, चकरी कोणती होती.

या सगळ्यातून कंपनीला एक धडा मिळाला. आमच्या बुकिंगच्या प्रश्नांत मी एक नवीन प्रश्न घातला: चढावर तुम्हाला कुणी धक्का देतं का? आजवर प्रत्येकाने ‘नाही’ असंच उत्तर दिलं आहे. म्हणून त्याखाली दुसरा घातला: चढावर तुम्ही कुणाला धक्का देता का? त्याला सगळे खरं उत्तर देतात, तेही नावासकट.