पाडायच्या इमारतीतलं बाथरूम

आमची बिल्डिंग पाडायची होती, आणि मी तिच्या तिसऱ्या मजल्यावरचं बाथरूम घासत होते. हे सांगितलं की समोरचा विचारतो, का? उत्तर एका शब्दात आहे. सासूबाई.

मुलुंडचं आमचं जुनं घर पुनर्विकासात गेलं. बाकीची बिऱ्हाडं आधीच हलली होती, आम्ही शेवटचे. टेम्पो खाली भरून उभा होता आणि संध्याकाळी बिल्डरचा माणूस किल्ली घ्यायला येणार होता. अशा वेळी सासूबाई रिकाम्या हॉलच्या मधोमध पदर खोचून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, बाथरूम असं ठेवून मी या घरातून हलणार नाही.

मी म्हटलं, आई, या आठवड्यात हातोडे पडणार आहेत त्याच्यावर. त्या म्हणाल्या, हातोडा मारणाऱ्याला डोळे असतात ना?

खरं कारण वेगळं होतं. आम्ही हे घर घेतलं तेव्हा आधीच्या बाईने बाथरूम भयंकर अवस्थेत टाकून दिलं होतं. नळांवर पांढरे पापुद्रे, टाइल्सच्या फटी काळ्या, मोरीच्या जाळीत केसांचा गुंता. सासूबाईंनी ते साफ केलं आणि त्यानंतर दर शनिवारी बाथरूम धुताना त्या बाईचा उद्धार केला. तिला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. तरी तिचं माहेर, तिचं वळण, तिच्या आईची शिकवण, सगळं निघायचं. आता घर हलवायच्या गडबडीत गेले कित्येक शनिवार बुडाले होते आणि बाथरूम पुन्हा तसंच दिसायला लागलं होतं.

माझा नवरा म्हणाला, "आई, पण आता इथे कोणी राहायलाच येणार नाहीये."

सासूबाई रागावल्या की मालवणीत शिरतात. "मिया तिका इतकी वर्सां गाळी घातलंय," त्या म्हणाल्या. "माका कोणी घालूक नको."

यावर वाद घालता येत नाही. मी बाह्या वर केल्या.

अडचण सामानाची होती. ॲसिडची बाटली मी आदल्या दिवशी वॉचमनला देऊन टाकली होती. ब्रश, बादल्या, फिनेल टेम्पोत कपाटाच्या मागे. हाताशी होती फक्त स्वयंपाकघरातली शेवटची पिशवी, अर्धवट संपलेल्या जिनसांची. चायनीजसाठी आणलेलं व्हिनेगर, खायच्या सोड्याचा डबा, खडेमीठ, चार सुकत चाललेली लिंबं, दुधाचं पातेलं, आणि एक जुना टूथब्रश जो मी मिक्सर साफ करायला ठेवते.

शॉवरपासून सुरुवात केली. बोअरिंगच्या पाण्याने त्याची भोकं कधीच बुजली होती. उरलेल्या दोन-तीन भोकांतून पाणी बाहेर यायचं ते तिरकं, थेट दरवाजावर. म्हणून आम्ही सगळे बादलीनेच आंघोळ करायचो. मी प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर ओतलं, शॉवरचं तोंड त्यात बुडवलं आणि पिशवी रबराने घट्ट बांधली. सासूबाईंनी वर बघितलं आणि विचारलं, सलाईन किती वेळ चालणार? मी म्हटलं, तासभर तरी.

तोवर सोड्यात थोडं पाणी घालून लापशीसारखं केलं आणि टाइल्सच्या फटींना फासलं. नळांवर अर्धं लिंबू मीठ लावून घासलं. पापुद्रे सुटायला लागले. एवढ्यात नवरा वर आला. टेम्पोवाला ओरडतोय हे सांगायला आला होता, पण कामाला लागलेली माणसं बघून त्याला ज्ञान द्यावंसं वाटलं. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करतात, त्याने मोबाइलवर बघितलं होतं. मी नको म्हणेपर्यंत त्याने दोन्ही पातेल्यात ओतलं. फेस भराभर वर आला, पातेल्याबाहेर सांडला आणि खाली बसला. उरलं ते खारट पाणी. दोन्ही वेगवेगळं वापरलं तर कामाचं असतं, एकत्र केलं की आपापसात भांडून मरतं. मी त्याला टेम्पोवाल्याकडे परत पाठवलं.

सासूबाईंनी तोपर्यंत एक लिंबू घेऊन दारातली संगमरवरी पट्टी घासायला घेतली होती. मी लिंबू काढून घेतलं. संगमरवराला आंबट लागलं की त्याची चकाकी जाते. त्या म्हणाल्या, परवा तिचा चुरा होणार. मी म्हटलं, हेच मी दुपारपासून सांगतेय. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं आणि पट्टी ओल्या फडक्याने पुसली.

मग मी पिशवी सोडली, टूथब्रशने शॉवरची भोकं घासली आणि नळ फिरवला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळ्या भोकांतून पाणी आलं. सरळ, दाट, जोरात. आम्ही दोघी खालीच उभ्या होतो. डोक्यापासून पायापर्यंत भिजलो आणि दोघींचेही कोरडे कपडे टेम्पोच्या तळाशी. सासूबाई भिजत हसत होत्या. मी शॉवरचा नळ चालूच ठेवला, म्हटलं फटींतला सोडा धुऊन निघेल.

तो धुऊन निघाला नाही. शॉवर एकदा खोकला, दोनदा खोकला आणि बंद पडला. सोसायटीने टाकी भरणं थांबवलं होतं. वर उरलेलं पाणी आम्ही अंगावर घेतलं होतं.

आता बाथरूम आधीपेक्षा वाईट दिसत होतं. भिंतींवरून पांढरे ओघळ, जमिनीवर लिंबाच्या बिया. सासूबाईंचं हसू गेलं. त्या दारातच ओल्या साडीत बसल्या आणि म्हणाल्या, तू जा, मी येते मागून. त्या येणार नव्हत्या हे मला कळलं.

मी खिडकीतून नवऱ्याला हाक मारली आणि पाणी आण म्हणून सांगितलं. कुठून? कुठूनही. तो नाक्यावर गेला आणि बाटलीबंद पाण्याचा अख्खा खोका खांद्यावर घेऊन तीन मजले चढून आला. आम्ही एकेक सील तोडलं आणि बिल्डिंगसकट जमीनदोस्त व्हायच्या भिंती शुद्ध, गाळलेल्या, पिण्याच्या पाण्याने धुतल्या. सासूबाई कोपरे दाखवत होत्या, मी ओतत होते, नवरा झाकणं गोळा करत होता.

बिल्डरचा माणूस आला तेव्हा आम्ही दोघी हॉलमध्ये ठिबकत उभ्या होतो आणि घराला लोणच्याच्या बरणीसारखा वास येत होता. सासूबाई त्याला बाथरूमकडे घेऊन गेल्या, दिवा लावला आणि म्हणाल्या, बघून घ्या. त्याने बघितलं. नळ बघितले, फटी बघितल्या. "एकदम झकास आहे, आजी," तो म्हणाला. मग जरा अवघडून म्हणाला, सकाळपासून याच बिल्डिंगमध्ये फिरतोय, बाकीच्या घरांतले नळ-पाइप भंगारवाल्याने काढून नेलेत, तर जरा इथे आत जाऊन येऊ का?

सासूबाई म्हणाल्या, "पाणी नाही."

त्याने खोक्यातून उरलेल्या, कोपऱ्यातल्या दोन भरलेल्या बाटल्यांकडे बोट दाखवलं.

"ते प्यायचं आहे."

मी किल्ली पुढे केली. त्याने ती घेतली. आता घर त्याचं, बाथरूम त्याचं. तरी तो बाहेर आला, आमच्यामागे दार लावलं आणि कुलूप घातलं. सासूबाईंनी कुलूप ओढून बघितलं. मग त्याला म्हणाल्या, "खाली नाक्यावर आहे सार्वजनिक, बरं का," आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागल्या.