हात त्याचा दुखायचा, पोट माझं

महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं तेव्हा मी चिखलीच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचो. खिळा म्हणजे शिशाचं एकेक अक्षर. दिवसभर खणातून उचलायचं आणि डाव्या हातातल्या पट्टीत ओळीनं बसवायचं. दुसरा जुळारी बीबी गावाकडचा, माझ्याच वयाचा. एका हिवाळ्यात त्याच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, खिळे बोटांतून निसटायला लागले.

दुसरा मालक असता तर घरी बसवलं असतं. आमच्या मालकांनी त्याला खिडकीजवळ खुर्ची दिली, मुद्रितं तपासायचं काम दिलं, वर रोज दुपारी हात शेकायला गरम पाण्याची बादली. मी उभाच. आणि कालपर्यंत माझ्या बरोबरीनं उभा असलेला हा माणूस आता लाल पेन्सिलीनं माझ्याच चुका काढायचा. हात त्याचा दुखायचा, पोट माझं. खरं सांगतो, मला ती खुर्ची बघवत नव्हती.

एक लग्नपत्रिका आली. लग्न देऊळघाटला. मी मुद्दाम 'देऊळगाव' जुळवलं. देऊळगाव त्याच्या तिकडचं, ओळखीचं नाव, डोळा घसरून पुढे जाईल असा माझा हिशेब. पत्रिका वाटल्या गेल्या की पाहुणे भलत्याच गावी उतरतील आणि याची खुर्ची जाईल.

त्यानं तपासलेला कागद परत आला. त्यावर लाल रेघ नव्हती. मला इतका आनंद झाला की डब्यातल्या भाकरीत लक्ष लागेना. अर्धा डबा तसाच बांधून मी लवकर आत आलो.

तो माझ्या खणापाशी उभा होता. डाव्या हातातल्या चिमट्यानं 'ग' उपटून 'घ' बसवत होता. 'व' आधीच काढून ठेवला होता. कपाळावर घाम होता.

मला बघून हळूच म्हणाला, "मालकाले दिसू नये म्हणून लाल नाही केलं. तुहाही हात दुखून राह्यला काय बे? त्याबिगर अशी चूक तुह्यानं होत नाही. मी सांगतो त्यायले. खुर्चीवर अर्धा दिवस तू बस, अर्धा दिवस मी."

माझा हात ठणठणीत होता. मी मान डोलावून म्हटलं, "हाव."

त्यानं सांगितल्यावर मालक माझ्यावरच रागावले. "काऊन रे, आधी काऊन नाही सांगतलं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बादली माझ्यापुढे आली. मी धडधाकट हात गरम पाण्यात बुडवून त्याच खुर्चीत बसलो. तो खणापाशी उभा राहून डाव्या हातानं माझ्या वाटणीच्या ओळी जुळवत होता. मधेच वळून त्यानं विचारलं, "आता बरं वाटते ना बे?"