मामांच्या बंदुकीची दुर्बीण

मामांना काहीही विचारलं, की ते आधी डावा डोळा मिटत. चहा घेणार का, असं विचारलं तरीसुद्धा. मग म्हणत, "बगू तर द्या."

जिंतूर रस्त्यावरच्या एका बियाण्याच्या फार्मवर मी कारकून होतो आणि ते, सगळ्यांचे मामा, राखणदार. ज्वारीत दाणा भरला की बाकीचे राखणदार गोफणी काढत. मामा मात्र छऱ्याची बंदूक घेऊन मचाणावर चढत. नेम पाखरावर नसायचा. शेताच्या चारी कोपऱ्यांना त्यांनी तेलाचे रिकामे डबे टांगले होते. ज्या कोपऱ्यात पाखरं उतरत, तिथला डबा ते वाजवत. एखादं पाखरू मारत का नाही, असं मी एकदा विचारलं.

"मेलेलं पाखरू काय शिकनार, भाऊसाहेब? पळालेलं शिकतंय."



माझ्या तिसऱ्या हंगामात पाखरं कोपऱ्यांत निवांत दाणे टिपायला लागली आणि मामा भलतीकडेच बघत बसत. फार्मचे साहेब राखणीला दुसरा माणूस बघायचं बोलू लागले. मामांनी सगळा दोष बंदुकीवर ढकलला. वर दुर्बीण बसवली की झालं, म्हणाले. मग बंदूक पोत्यात गुंडाळून आम्ही दोघं परभणीला बंदुकीच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने दोन दुर्बिणी पुढे ठेवल्या, एक स्वस्त, एक महाग.

"ही महागाची कोनत्या बंदुकीची?" मामांनी विचारलं.

"काडतुसाच्या रायफलची."

"ती नुस्ती मागं हिसका देती. आपली स्प्रिंगची मागं देती आन् पुन्हा पुढंबी. काच टिकंल का?"

दुकानदार दोन्ही काचा पुसू लागला. मला मामांचा फार अभिमान वाटला.

मी दोन्हींतून रस्त्यापलीकडची पाटी पाहिली. स्वस्त दुर्बिणीत मधली अक्षरं स्वच्छ होती, पण कडेला सगळं धुरकट. महागडीत कडेपर्यंत लख्ख. पाटीच्या बाजूला बसलेल्या बोरंवालीच्या बांगड्यासुद्धा मोजता आल्या असत्या. मामांनी दोन्ही बराच वेळ लावून पाहिल्या.

"दोन्ही सारख्याच हायत की."

"आणि ती बोरंवाली?"

"कुटली बोरंवाली?"

मी हसलो. ते हसले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "मधलं दिसतंय, भाऊसाहेब. कडंचं गेलंय. साहेबांना सांगू नका, मचान जाईल." मी शब्द दिला.

आम्ही स्वस्त दुर्बीण घेतली. उरलेला हंगाम मी फायली घेऊन मचाणावर बसायचो आणि हळूच सांगायचो, "डावीकडचा कोपरा." डबे पुन्हा वाजू लागले. साहेब दुर्बिणीवर खूश होते, आणि मी स्वतःवर.

हंगाम संपल्यावर त्यांना डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. गेलेलं परत येत नाही, डॉक्टर म्हणाले. काही महिने आधी आणलं असतं तर आणखी बरंच राखता आलं असतं. मामा उलट मलाच समजावत होते, "तुमी जबान पाळली." ती पाळल्याबद्दल मला आजही स्वतःचा राग येतो.

नंतर ते ताडकळसला लेकीकडे गेले. एकदा बाजाराच्या दिवशी मी तिथे उतरलो, तर स्टँडवरच दिसले. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. ते समोर रस्त्याकडे बघत राहिले.  शेवटी मी त्यांच्या समोर आलो, तेव्हा त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"भाऊसाहेब, आत्ताच उतरलात का?"

"हो," मी म्हणालो, "आत्ताच."