आधी कुणाचं नाव

मी मुळात उतावळा माणूस. चहा निवायची वाट बघणं मला जमत नाही, रोज जीभ भाजून घेतो. अशा माणसाला अल्लानं नोकरी दिली ती दिवसभर एका खुर्चीत बसून टाइप करायची, आणि वर साहेब दिला तो माझ्याहून दुप्पट चुळबुळ्या. साठच्या दशकातली गोष्ट. दुबईच्या देरा भागात खाडीच्या काठाला आमचं ऑफिस होतं, खाली गोदाम आणि वर दोन खोल्या. कंपनी अमेरिकन, जमिनीत भोकं पाडून तेल शोधणारी. दुबईला तेल लागायचं होतं अजून, आणि अमिरात हे नाव तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. वीज मनात येईल तेव्हा जायची. पंखा थांबला की साहेब उठायचा आणि या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत चकरा मारायला लागायचा. लाकडी जमीन, त्याचे ते बूट, धाड धाड. मी टाइप काय डोंबल करणार!

साहेब चाळिशीला टेकला होता. उंच, लाल, पोट सुटलेलं. गोदामातल्या लोकांत राहून ‘यल्ला’ म्हणजे चल आणि ‘खलास’ म्हणजे संपलं, हे दोन शब्द शिकला होता आणि तेवढ्यावर सगळा कारभार चालवायचा. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या डोक्यात एक किडा होता, आणि तो किडा त्यानं मलाही लावला.

किडा फुटबॉलचा. आमच्या रत्नागिरीकडे फुटबॉल म्हणजे पायानं मारायचा चेंडू. यांचा फुटबॉल वेगळाच. चेंडू लांबुळका, सोललेल्या नारळाएवढा. तो काखेत दाबायचा आणि जीव खाऊन पळायचं. समोरची अकरा माणसं तुम्हाला आडवं पाडायला अंगावर येतात. हुतुतूतला गडी चढाईला जातो ना, तसंच, फक्त काखेत नारळ. या पळणाऱ्याला ते रनिंग बॅक म्हणतात. आमचा साहेब कॉलेजात असताना रनिंग बॅक होता, हे त्यानं मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात त्यानं दुसऱ्याचं सांगितलं.

दुसरा म्हणजे त्याच टीममधला, त्याच जागेवर पळणारा. दोघं एका वयाचे, एका गावचे. तो दुसरा रेड्यासारखा सरळ घुसायचा, माणसं उडवत जायचा. साहेब चुकवणारा होता. धरायला आलेल्याच्या हातात वारा यायचा म्हणे. गावात रोज वाद, चांगला कोण? मग कॉलेज संपलं, दुसरा फौजेत गेला आणि कोरियाच्या लढाईत मेला. साहेब जिवंत राहिला, नोकरी केली, पोट वाढलं. तिथून पुढे वाद संपला. साहेब घरी गेला की लोक ओळख करून द्यायचे ती अशी, की “हा त्याच्याबरोबर खेळायचा.”

“त्याच्याबरोबर!” साहेब टेबलावर हात आपटून म्हणायचा. “माझं नावसुद्धा घेत नाहीत. एकदा, आयुष्यात एकदाच, कुणीतरी माझं नाव आधी घ्यावं!”

मी हे आमच्या खोलीवर मामूला सांगायचो. मामू म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ, गलबतांच्या धक्क्यावर माल मोजून घ्यायचा. त्यानंच मला इथं आणलं, आणि आम्ही गावच्या इतर चौघांबरोबर एका खोलीत राहायचो. मामू कांदा चिरता चिरता ऐकायचा आणि म्हणायचा, “तुझ्या साहेबाला काही कामधंदा नाही काय रे? मयत झालेल्या माणसाशी कसली शर्यत लावून बसलाय? त्याच्यासाठी दुआ मागायची आणि गप बसायचं.”

मलाही तसंच वाटायचं. पण किडा लागला होता ना! धक्क्यावर हमाल तांदळाची पोती घेऊन फळीवरून उतरायचे, तेव्हा मी उभा राहून ठरवत बसायचो, हा सरळ जाणारा, हा चुकवणारा. मामूनं एकदा मला तिथं तोंड उघडं टाकून उभा बघितलं आणि सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढली.

तर एक दिवस टपालात साहेबाच्या कॉलेजचं पत्र आलं. मैदानावर नवी गॅलरी बांधत होते आणि तिच्या दाराशी एका पळणाऱ्याचा दगडी पुतळा बसवणार होते. एकाचाच. या दोघांतल्या कुणाचा, ते जुन्या खेळाडूंनी ठरवायचं. प्रत्येकानं दोन नावं लिहायची, जो वरचढ वाटतो त्याचं आधी, आणि खाली कारणं. स्वतःचं नाव आधी लिहायलाही मनाई नव्हती.

साहेब चार दिवस झोपला नसावा. डोळे तांबारलेले, चकरा चालूच. त्यानं पेटीतून कात्रणं काढली आणि मला मजकूर सांगायला लागला. कोण किती पळाला, कोण किती वेळा पडला, चिखलात कोण बरा, कोरड्यात कोण. मी टाइप करायचो, तो वाचायचा, फाडायचा. “हे फार झालं. मी बढाईखोर दिसतो.” पुन्हा टाइप. “हे फार कमी झालं.” पुन्हा टाइप. माझ्या बोटांची सालं निघाली. पण एक सांगतो, शेवटी जे कागदावर उतरलं ते अगदी न्यायाचं होतं. त्या दुसऱ्याच्या एकाही पळण्याला त्यानं कमी लेखलं नाही.

टपालाची थैली विमानतळावर जायची वेळ झाली. मी विचारलं, “साहेब, वर नावं कशी घालू?”

तो लाजला. एवढा धिप्पाड माणूस, लाल होता तो आणखी लाल झाला आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाला, “दोन्ही घाल. क्रम तुला माहीतच आहे.”

मला माहीत होताच! त्यात विचारायचं काय? आमच्याकडे लग्नाची पत्रिका काढली तरी मयत झालेल्या आजोबांचं नाव सगळ्यात वर, मरहूम लावून. जमातीची कसलीही यादी असो, गेलेले आधी, जिवंत मागून. दुबईतल्या आमच्या गावकऱ्यांच्या असल्या याद्या मीच तर लिहायचो. हात तसाच वळलेला. जिवंत माणसानं आपलं नाव मेलेल्याच्या वर टाकायचं म्हणजे तौबा तौबा, केवढा उद्धटपणा! मी त्या दुसऱ्याचं नाव वर घातलं, अदबीनं ‘कैलासवासी’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द जोडला, आणि खाली साहेबाचं. साहेबानं न बघता सही ठोकली. गेली थैली.

त्यानंतरचे दिवस कुणावर येऊ नयेत. टपालाच्या दिवशी साहेब सकाळपासून जिन्यात उभा. पत्र नाही असं कळलं की गोदामातल्या माणसांवर खेकसायचा. जेवण अर्धं टाकायचा. रात्री रेडिओची बटणं पिळत बसायचा म्हणे. मलाही घास गोड लागेना. माझ्या मनात साहेबच निवडून येणार असं पक्कं होतं, कारण मजकूर मीच टाइप केला होता आणि वाचून वाचून मला तो पाठ झाला होता.

शेवटी पत्र आलं. टपाल फोडायचं काम माझं. जिन्यात उभ्या उभ्याच वाचलं.

लिहिलं होतं की मतं बरोबरीत अडली होती. तुमचं पत्र आलं आणि प्रश्न सुटला. तुमचा हक्क तेवढाच होता, तरी तुम्ही स्वतः आपल्या मित्राला आधी ठेवलंत. सभेत पत्र मोठ्यानं वाचलं, लोक उभे राहिले. त्या मुलाची म्हातारी आई पुढे आली आणि तिनं पत्र मागून घेतलं. ती ते घरी घेऊन गेली आहे. पुतळा त्याचाच होईल.

हे मी केलं होतं. क्रम म्हणजेच मत, हे टाइप करताना माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या या दहा बोटांनी. माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती आणि ती मी अदब म्हणून देऊन टाकली. मला वाटलं, पत्र खिशात घालावं, गलबत पकडावं आणि थेट गाव गाठावं. पण साहेब जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभाच होता. हात पुढे केलेला.

त्यानं दोनदा वाचलं. मग अगदी हळू विचारलं, “क्रम कुणी लावला?”

“मी.”

“का?”

मी सांगितलं. पत्रिका, याद्या, मरहूम, सगळं. “तुम्ही म्हणालात क्रम माहीत आहे. आमच्यात असाच असतो, साहेब.”

त्यानं शाईची दौत उचलून भिंतीवर मारली. त्या निळ्या ओघळांकडे बघतच त्यानं तार सांगितली. टायपिस्टची चूक. माझं मत मलाच. पत्र रद्द समजावं. “यल्ला!” तो ओरडला. “आत्ता!”

तार-ऑफिस खाडीपलीकडे, बर दुबईला. मी होडीत बसलो. भर दुपार, होडीवाला माणसं भरेपर्यंत सुटेना, आणि मी बसल्या जागी पाय आपटत होतो. एक मन म्हणत होतं, कागद पाण्यात टाक. ती म्हातारी दिसत होती मला, हातातलं पत्र परत देताना. माझी आई असती तर? दुसरं मन म्हणत होतं, अरे शहाण्या, चूक तू केलीस, त्याचा हक्क तू घालवलास, आता पुन्हा तूच ठरवणार काय? मला त्या दोघांचाही राग आला, साहेबाचा आणि मेलेल्याचा, आणि स्वतःचा तर इतका की डोळ्यांत पाणी आलं. कागद मुठीत धरून ठेवला. पलीकडे उतरलो आणि कापडवाल्यांच्या गल्लीतून सरळ तार-ऑफिसात गेलो.

आत रांग होती. माझा नंबर आला. खिडकीतल्या केरळी कारकुनानं कागद घेतला, पेन्सिलीनं शब्दाशब्दावर टिंब द्यायला लागला. तेवढ्यात बाहेर आरडाओरड झाली. मी दाराकडे वळून बघितलं.

गल्लीच्या त्या टोकाला साहेब होता. मागच्या होडीनं आला असणार. पळत होता. शर्ट सुटलेला, डोक्यावर टोपी नाही. गल्ली ती केवढी, दोन माणसं शेजारून जायची तर खांदे घासतात, आणि दुपारची गर्दी. माझ्या मनात आलं, आता हा कुणाला तरी चिरडणार.

त्यानं कुणालाही हात लावला नाही. समोरून गाढव आलं, पाण्याचे डबे लादलेलं. तो भिंतीकडे झुकला आणि पलीकडे होता. दोन हमाल कापडाचा गठ्ठा आडवा घेऊन चालले होते. तो डावीकडे गेला असं मला वाटलं, हमालांनाही वाटलं, ते तिकडे वळले, आणि हा उजवीकडून निघून गेला. एक बाई पोराला कडेवर घेऊन मधोमध घाबरून उभी राहिली. तिच्यापाशी तो जागच्या जागी फिरला, पूर्ण गोल, आणि तिच्या पदराला वारासुद्धा लागला नसेल. ते पोट, ते चाळीस वर्षांचे गुडघे, आणि हे पळणं! दुकानदार कापड मोजायचं विसरून बघत राहिले. कुणीतरी शिट्टी मारली. माझ्या तोंडून “अल्ला!” निघालं. अंगावर काटा आला तो अजून, सांगतानासुद्धा, येतो.

तो आत शिरला, खिडकीतून हात घातला आणि कारकुनाच्या पेन्सिलीखालचा कागद ओढून घेतला.

“खलास,” तो म्हणाला. “नको. पत्र त्याच्या आईकडेच राहू दे.”

कागदाचे तुकडे करून त्यानं खिशात घातले आणि बाहेर पायरीवर बसला. छाती भात्यासारखी चाललेली, तोंड जांभळं. मी कुठून तरी पाणी आणलं. तो प्यायला, उरलेलं डोक्यावर ओतलं. मी त्याच्यासमोर खाली धुळीतच बसलो. मला राहवेना. नोकर साहेबाशी असं बोलत नाही हे कळत होतं, पण बोललो.

“साहेब, आपल्या डोळ्यांनी बघितलं मी आज. कुणी काही म्हणो, तुम्हीच पहिले.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग ओल्या हातानं तोंड पुसून म्हणाला, “तू त्याला पळताना बघितलं नाहीस ना, म्हणून म्हणतोस.”